वाचकांचे प्रश्न : सायबर सुरक्षेत पैसा कशाच्या मागे जातो?

प्रश्न : सायबर हल्ल्यांच्या बातम्या वाढतच असताना 2022 आणि 2023 मध्ये या क्षेत्रातील नव्या कंपन्यांकडे येणारे व्हेंचर कॅपिटल (नव्या, जोखमीच्या कंपन्यांत हिस्सा घेऊन गुंतवला जाणारा पैसा) आटले. पुढे मार्च 2025 मध्ये गुगलने विझ या जेमतेम पाच वर्षांच्या कंपनीसाठी 32 अब्ज डॉलर मोजण्याचे जाहीर केले. धोका आणि गुंतवणूक यांचा काही मेळ आहे की नाही? आणि पुण्यातून अशी कंपनी का निघत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मेळ आहे, पण आपण समजतो तितका थेट नाही. व्हेंचर फंडातला पैसा बहुतांशी त्या फंडाचा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत कुटुंबे यांच्याकडून तो साधारण दहा वर्षांच्या बोलीने घेतलेला असतो आणि तेवढ्या मुदतीत घेतलेले हिस्से विकून किंवा कंपनी शेअर बाजारात आणून तो परत करावा लागतो. त्यामुळे फंड चालवणारा माणूस ‘हल्ले किती वाढले’ यापेक्षा ‘ही कंपनी उद्या कोण विकत घेईल’ हा प्रश्न आधी विचारतो.

2021 मध्ये अमेरिकेत व्याजदर जवळपास शून्य होते, आणि त्या वर्षी जगभरातील सायबर सुरक्षा कंपन्यांत 20 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली. मार्च 2022 पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर चढवायला सुरुवात केली, ते जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोहोचले, आणि 2023 मधली गुंतवणूक 2021 च्या निम्म्याहूनही खाली घसरली. हल्लेखोर त्या काळात काही सुटीवर गेले नव्हते. महाग झाला होता तो पैसा.

विझची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या चार संस्थापकांपैकी तिघांनी आधी अडालोम ही कंपनी काढून 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टला विकली होती, आणि मग काही वर्षे मायक्रोसॉफ्टमध्येच क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे दूरचे संगणक) सुरक्षेचे काम केले. मोठ्या कंपन्या आपली माहिती भराभर क्लाउडवर हलवत आहेत, पण तिथे कोणते दार उघडे राहिले आहे हे त्यांच्याच लोकांना दिसत नाही, ही अडचण त्यांनी आतून पाहिलेली होती. विझ आली 2020 मध्ये, नेमकी महासाथीने ही हलवाहलव वेगात आणली तेव्हा. 2024 मध्ये गुगलचा सुमारे 23 अब्ज डॉलरचा प्रस्ताव तिने नाकारला होता, हेही ध्यानात घ्यावे. पण त्याच क्लाउड सुरक्षेतली लेसवर्क ही कंपनी 2021 च्या तेजीत 8.3 अब्ज डॉलर मूल्याची ठरली होती. 2024 मध्ये फोर्टिनेट या सुरक्षा कंपनीने ती त्या मूल्याच्या अगदी किरकोळ अंशात घेतली. क्षेत्र तेच, पैशाची भरती तीच, निकाल मात्र उलटे. म्हणून ‘अमुक क्षेत्रात पैसा येतो आहे’ या वाक्यावर मी फारसा विसंबत नाही. आज त्या वाक्यात क्लाउडच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, एवढाच फरक.

आता पुण्याबद्दल. पुण्यातून कंपनी निघालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, त्यांचे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या क्विक हीलमध्ये 2010 साली सिकोया कॅपिटल या व्हेंचर फंडाने 60 कोटी रुपये घातले. फरक पडला तो गिऱ्हाइकाचा. क्विक हील वाढली ती दुकानदारांच्या जाळ्यातून, वर्षाला काही शे रुपयांचा परवाना घेणाऱ्या घरगुती संगणकांवर. विझ पहिल्या दिवसापासून अमेरिकेतील अशा कंपन्यांना विकत होती, ज्या सुरक्षेसाठी वर्षाला लाखो डॉलर बाजूला काढतात. विझसारख्या इस्राएली मुळाच्या बहुतेक कंपन्या हेच करतात, कारण त्यांची घरची बाजारपेठ लहान आहे. आपली मोठी आहे, पण आजवर ती काटकसरीची राहिली. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ही काटकसर मोडलीच, तर ती अशा सक्तीने मोडेल असे मला वाटते.

प्रश्न : अशा फंडात सामान्य माणसाला पैसे गुंतवता येतात का? (त्याच पत्रातून)

उत्तर : भारतात हे फंड सेबीच्या पर्यायी गुंतवणूक निधीच्या नियमांखाली येतात आणि त्यात सर्वसाधारणपणे किमान 1 कोटी रुपये घालावे लागतात, म्हणजे बहुतेकांसाठी नाहीच. उरतो तो शेअर बाजार, पण तिथे कंपनी येते तेव्हा आधीच्या गुंतवणूकदारांना आपला हिस्सा विकायची संधी मिळालेली असते. फेब्रुवारी 2016 मध्ये क्विक हीलचा शेअर 321 रुपयांना देऊ केला गेला, त्या विक्रीत सिकोयानेही आपले काही शेअर काढले, आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव त्याच्या बराच खाली बंद झाला. एखाद्या सुरक्षा कंपनीचा शेअर घ्यायचाच असेल, तर माहितीपत्रकात आपल्या पैशातला किती भाग कंपनीच्या कामाला जाणार आणि किती विकणाऱ्या भागधारकांच्या खिशात जाणार, ते आकडे आधी पाहा.