यूजीए म्हणजे ‘थांबा’, तर ई. कोलाय तिथे सेलेनोसिस्टीन कसं बसवतो?

तुम्ही विचारलंय की मानवी सेलेनोप्रथिनाचं (सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमवालं अमिनो आम्ल असलेल्या प्रथिनाचं) जनुक जसंच्या तसं ई. कोलाय या जिवाणूत घातलं तर प्रथिन अर्धवटच का मिळतं. कारण एकट्या यूजीएला, म्हणजे या तीन अक्षरी कोडॉनला, ई. कोलाय थांबाच समजतो. त्याचा अर्थ बदलते ती एमआरएनएची (जनुकाच्या वाचल्या जाणाऱ्या प्रतीची) हेअरपिन, म्हणजे स्वतःवरच दुमडलेला तुकडा, आणि ती कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं.

ई. कोलायकडे स्वतःची सेलेनोप्रथिनं तीनच, तिन्ही फॉर्मेट डीहायड्रोजनेज नावाची एन्झाइम. त्यांच्यात हेअरपिन यूजीएच्या लगेच पुढे, जनुकाच्या वाचल्या जाणाऱ्या भागातच असते. एफडीएचएफ जनुकात तिचा गाभा १७ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या अक्षरांचा) आणि यूजीएपासून ११ न्यूक्लिओटाइडांवर. माणसात हीच खूण जनुकाच्या शेपटीत, स्टॉप कोडॉनच्याही पलीकडे असते, शिवाय तिची घडण वेगळी. ई. कोलायला ती ओळखता येत नाही.

टीआरएनएवर (अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूवर) सेलेनोसिस्टीन तयार चढत नाही. आधी सेरीन चढतं, मग सेलडी या एन्झाइमने बनवलेल्या सेलेनोफॉस्फेटमधलं सेलेनियम वापरून सेलए हा दुसरा एन्झाइम त्याचं सेलेनोसिस्टीन करतो. हा टीआरएनए ईएफ-टीयू या नेहमीच्या वाहक प्रथिनाला धरवत नाही. त्याला सेलबी हे खास वाहक प्रथिन लागतं. सेलबी एका टोकाने टीआरएनए धरतो, दुसऱ्याने हेअरपिन, आणि माल नेमका प्रथिन बांधणाऱ्या रायबोसोमच्या दारात आणून ठेवतो. तोवर आरएफ२, म्हणजे ‘थांबा’ वाचून साखळी सोडवणारं प्रथिन, पोचलं, तर साखळी तिथेच तुटते. ही शर्यत सेलबी नेहमीच जिंकत नाही.

म्हणून प्रयोगात यूजीएनंतर जिवाणूची हेअरपिन बसवा आणि सेलए, सेलबी, सेलसी (हे त्या टीआरएनएचं जनुक) वेगळ्या प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) वाढवा. माध्यमात सोडियम सेलेनाइट ५ मायक्रोमोलरपासून सुरू करा. खूप जास्त घातलंत तर पेशी ते लाल सेलेनियममध्ये बदलतात, फ्लास्क तांबूस दिसतो, आणि सिस्टीनच्या जागीही सेलेनियम घुसतं.

खरी अडचण वेगळीच आहे. हेअरपिनचे न्यूक्लिओटाइड अमिनो आम्लंही ठरवतात, त्यामुळे यूजीए मधोमध असेल तर पुढची काही अमिनो आम्लं बदलावी लागतात. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये सेलेनोसिस्टीन शेवटून दुसरं, म्हणून हेअरपिन जवळजवळ सगळी स्टॉप कोडॉनपलीकडे जाते. पहिल्यांदा करत असाल तर मी हेच प्रथिन घ्यायला सांगेन.

हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला हिस्टिडिनांचा तुकडा) साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला लावलात तर तुटके तुकडेही शुद्धीकरणात सोबत येतात. शेवटच्या टोकाला लावलात तर पूर्ण साखळीच येते, पण त्यातही यूजीएपाशी भलतंच अमिनो आम्ल बसलेलं असू शकतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीत सेलेनोसिस्टीनवालं प्रथिन सिस्टीनवाल्यापेक्षा साधारण ४७ डाल्टनने जड दिसायला हवं. तो फरक दिसल्याशिवाय सेलेनियम आत गेलं असं धरू नका.