घराकडे झुकलेले, आतून पोकळ झालेले मोठे झाड सुरक्षितपणे कसे पाडावे?

कोल्हापुरातील आपल्या अंगणातला गुलमोहर बुंध्याशी पोकळ असून घराकडे कलला आहे, असे आपण लिहिले आहे. असे झाड बुंध्यातून एकदम पाडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. झाड पाडताना पडण्याच्या बाजूला घेतलेली खाच आणि तिच्या विरुद्ध बाजूने घेतलेला मागचा काप यांच्यामध्ये लाकडाची जी अखंड पट्टी राखतात, तीच झाडाला बिजागरीप्रमाणे दिशा देते. पोकळ खोडात ती पट्टी मिळतच नाही, आणि कललेल्या खोडावरील ताणामुळे ते काप पूर्ण होण्याआधीच उभे चिरून कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते. दोर बांधून उलट दिशेला ओढण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात, पण पोकळ खोड त्या ओढीनेच मोडू शकते.

लाकडी हातोडीने खोड ठोकून पोकळी कुठवर गेली आहे, याचा अंदाज घ्यावा. त्यानंतर क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून, झाडावर न चढता, शेंड्याकडून फांद्या तुकड्यातुकड्यांनी उतरवाव्यात. वीजवाहिनी जवळ असल्यास महावितरणकडून प्रवाह आधी बंद करून घ्यावा. शहर हद्दीत महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जासोबत पोकळीची छायाचित्रे जोडावीत. पावसाने माती भिजून मुळांची पकड सैल होण्याआधीच हे काम उरकावे.