फुटलेल्या गलबताची घंटा घरी आणली, आता?

प्रश्न : आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. दिवाळीच्या सुटीत रत्नागिरी जिल्ह्यात गेलो होतो. तिथे किनाऱ्यालगत एक मालवाहू लाकडी गलबत फुटून पडलं होतं. ओहोटीला लोक फळ्या नेत होते, माझ्या मुलानं वाळूत रुतलेली पितळी घंटा उचलली. आता एक गृहस्थ ती ‘अँटिक’ म्हणून वीस हजारांना मागत आहेत. शेजारी म्हणतात, पोलीस केस होईल. सोबत फोटो पाठवते आहे. — एक शिक्षिका

उत्तर : ताई, त्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवा. बाकी सगळं निस्तरता येईल, विकून बसलात तर कठीण आहे.

गलबत फुटलं तरी मालक मालकच राहतो. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात ‘रेक’च्या, म्हणजे फुटलेल्या जहाजाच्या आणि त्याच्या अवशेषांच्या, व्याख्येत आशा सोडून टाकून दिलेलं जहाजसुद्धा येतं. ज्याला असं काही सापडेल त्यानं ते लवकरात लवकर केंद्र सरकारनं नेमलेल्या ‘रिसीव्हर ऑफ रेक’च्या ताब्यात द्यायचं. तिथून पुढे मालकाला हक्क सांगायला एक वर्ष मिळतं. वाचवणाऱ्याचा मोबदला आणि खर्च भरून तो वस्तू सोडवून नेतो. म्हणजे मोबदला तुम्हालाही मागता येईल. माझं मत विचाराल तर मागू नका. ज्याचं गलबत गेलं त्याचं पोट गेलंय.

पोलीस केसचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे गिळंकृत करणाऱ्याला लागतं, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. मालकाला परत द्यायची म्हणून जपून ठेवली, तर गुन्हा नाही. मात्र मालक शोधता येण्यासारखा असताना वस्तू स्वतःची केली, तर गुन्हा होतो. फोटोत घंटेच्या काठाला गुजराती अक्षरं कोरलेली दिसतात, खाली आकडा आहे. मालक शोधायची वाट तीच. म्हणून पितांबरी लावून घासू नका, हिरवा गंज तसाच राहू द्या.

घंटा खरंच शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची निघाली, तर 1972 चा पुरावशेष कायदा आड येतो. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

आता अर्ज. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाला लिहा, त्या किनाऱ्याचा रिसीव्हर कोण ते विचारा आणि घंटा सुपूर्द करायची तयारी कळवा. एक प्रत रत्नागिरीच्या बंदर अधिकाऱ्याला. तारीख, जागा, कोरलेला मजकूर आणि फोटो घाला. संसदेनं 2025 मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केलाय, तेव्हा कलमांच्या आकड्यांत न शिरता घडलं तेवढंच लिहा. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. उत्तर येईपर्यंत घंटा सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. 1872 च्या करार कायद्यानं तोवर ती सांभाळायची जबाबदारी तुमची.

मुलाला रागावू नका. अर्ज लिहिताना शेजारी बसवा, घंटा नेमकी कुठे होती ते त्यालाच माहीत आहे.