१५ हजार डॉलरांतले भूत

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. झपाटलेल्या घरावरच्या चित्रपटाची तुझी संहिता वाचली. पैसा बेताचा आहे हे तू तीनदा लिहिले आहेस, म्हणून ओरेन पेली यांचा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ तू पुन्हा एकदा, या वेळी वही घेऊन पाहावास असे सुचवतो. कमी खर्चाच्या भयपटाचे बळ आणि त्याच्या उणिवा त्यात सारख्याच उघड्या दिसतात.

पेली व्यवसायाने प्रोग्रॅमर. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे स्वतःच्याच घरात, सुमारे १५ हजार डॉलरांत, जेमतेम आठवडाभरात त्यांनी चित्रीकरण उरकले. २००७ साली चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, २००९ मध्ये पॅरामाउंट या हॉलिवूडच्या बड्या कंपनीने तो सर्वत्र लावला आणि जगभरची कमाई १९ कोटी डॉलरांच्या पुढे गेली. या आकड्यांनी हुरळून जाऊ नकोस. जाहिरात आणि वितरण यांचा खर्च त्या १५ हजारांत धरलेला नाही.

खरे शिकण्यासारखे आहे ते शयनगृहाचे दृश्य. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, उजवीकडे पलंगावर झोपलेले जोडपे (केटी आणि तिचा जोडीदार मायका), डावीकडे उघडे दार आणि त्यापलीकडे अंधारा बोळ, खाली कोपऱ्यात पुढे सरकणारी वेळ. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि दाराकडे पाहावे की पलंगाकडे हे कोणी सांगत नसल्यामुळे प्रेक्षक स्वतःच चौकटीचा कानाकोपरा धुंडाळू लागतो. मग दार थोडेसे हलते. हाताशी पैसा असलेल्या दिग्दर्शकाने तिथे दाराचा क्लोजअप घेतला असता आणि भीती तिथेच संपली असती. त्याहून मोठा प्रसंग केटी रात्री उठून पलंगाशेजारी नुसती उभी राहते तो: कोपऱ्यातले घड्याळ भराभर धावते, तास उलटतात, ती किंचित डोलत झोपलेल्या मायकाकडे पाहत राहते. कसलीही करामत नाही, फक्त एक अभिनेत्री आणि पुढे पळवलेली फीत. स्थिर कॅमेऱ्यामुळे कॅमेरामनचा खर्चही वाचला, म्हणजे इथे काटकसर हीच शैली झाली.

अशा कथांना विचारला जाणारा हमखास प्रश्न म्हणजे ही माणसे घर सोडून का जात नाहीत. त्याचे उत्तर इथे आरंभीच मिळते: जे काही आहे ते घराला नव्हे, केटीलाच लागले आहे, त्यामुळे घर बदलून उपयोग नाही. (काटेकोर बोलायचे तर हा झपाटलेल्या घराचा चित्रपटच नव्हे.) या एका खुलाशाला दमडीही लागली नाही.

रात्र जितकी नेमकी, तितकाच दिवस सैल. संवाद नटांनी बव्हंशी उत्स्फूर्तपणे बोललेले आहेत. सुरुवातीला त्यामुळे घर खरे वाटते, पण पुढे मायका आणि केटी यांची भांडणे एकाच मुद्द्याभोवती फिरत राहतात. केटी घाबरून ओरडली तरी मायका कॅमेरा घेऊनच धावतो, कारण आपण पाहतो ते सारे कथेत त्याच्याच कॅमेऱ्याने टिपलेले आहे; त्याने कॅमेरा खाली ठेवला तर चित्रपटच थांबेल. त्याचा हट्टीपणा त्याच्या स्वभावापेक्षा लेखकाच्या गरजेतून आलेला आहे. अशा बाधेचा जाणकार म्हणून ज्याचे नाव सुचवले जाते तो नेमका परदेशी असतो, हीसुद्धा लेखकाचीच सोय. प्रत्येक घटनेआधी येणारी खर्जातली घरघर पहिल्यांदा पोटात गोळा आणते, नंतर मात्र ती शाळेच्या घंटेसारखी आगाऊ सूचना देते. आणि चित्रपटगृहांसाठी बदललेल्या शेवटात केटी कॅमेऱ्यावरच झेपावते, तेव्हा इतका वेळ जपलेला संयम एका दचकवण्यासाठी उधळला जातो, असे माझे मत आहे.

आता तुझ्या संहितेकडे येतो. पहिल्या रात्री माडीवर पावले वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी चौघेही ओटीवर निवांत पोहे खात बसतात. कोणीच काही विचारत नाही, कोणाला एसटीची वेळ आठवत नाही. कॅमेरा साधा असल्याचे प्रेक्षक चालवून घेईल, उजेड कमी पडल्याचेही घेईल, पण ही शांतता तो चालवून घेणार नाही. चौघांपैकी प्रत्येकाला त्या घरात थांबण्याचे वेगळे कारण दे, आणि त्यातले निदान एक पैशांशी किंवा वाटणीशी निगडित असू दे, म्हणजे ते कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. पृष्ठ ४० नंतर हवेत उडणारी भांडी तूर्त काढून टाक; त्याऐवजी माडीचे दार दिसेल अशी एकच चौकट ठरव आणि तीच दर रात्री दाखव.

तो सकाळचा प्रसंग आधी नव्याने लिहून पाठव. व्हीएफएक्सवाल्याला (संगणकावर दृश्यकरामती करणाऱ्याला) तोवर आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा हितचिंतक