हाताखालचे लोक अडचण वेळेवर सांगत नसतील, तर नव्या शिफ्ट इन-चार्जने काय करावे?

वाळूजच्या कारखान्यात तुम्ही अलीकडेच शिफ्ट इन-चार्ज झाला आहात, ऑपरेटर आणि सुपरवायझर अडचणी वेळेवर सांगत नाहीत, माल रिजेक्ट झाल्यावरच त्या तुमच्या कानावर येतात, आणि यासाठी संवादकौशल्याचा कोर्स करावा का, असे तुम्ही विचारले आहे. कोर्स अवश्य करावा. मात्र अशा कोर्समध्ये मुख्यतः बोलायला शिकवतात आणि तुमची अडचण ऐकण्याच्या बाजूची आहे. माझी सारी नोकरी उत्पादन विभागात गेली. वाईट बातमी इन-चार्जपर्यंत किती लवकर पोहोचते, यावरून त्याचे नेतृत्व जोखावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

एखादा ऑपरेटर ‘साहेब, टूल तुटले’ असे सांगायला येतो, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो, याकडे लक्ष द्या. ‘कोणी केले?’ हा प्रश्न आधी आला, तर पुढच्या वेळी तुटलेले टूल गुपचूप बदलले जाईल आणि त्याआधी निघालेले नग चांगल्या मालात मिसळतील. त्याऐवजी मशीन थांबवले आहे का, शेवटचा तपासलेला नग कोणता होता आणि त्यानंतरचे नग वेगळे ठेवले आहेत का, एवढेच विचारावे. कारण शोधावेच लागते, पण ते नंतर आणि चारचौघांत नव्हे. चूक घडणे आणि चूक लपवणे यांत तुम्ही स्पष्ट फरक करता, हे लोकांना प्रत्यक्ष दिसले पाहिजे: जो स्वतःहून सांगायला आला त्याला संरक्षण मिळते आणि ज्याने जाणूनबुजून लपवले त्याच्यावर कारवाई होते. तुम्ही पहिल्याशी कसे वागलात, ही बातमी चहाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या लाइनवर पोहोचलेली असते, आणि त्यानंतर सूचनाफलकावर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

अधिकाराच्या दडपणाने सांगणाऱ्याचा आवाज किती निष्प्रभ होतो, याचे विदारक उदाहरण आपल्याच देशात घडले. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि 158 जण मृत्युमुखी पडले. उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर न्यावे, असे सहवैमानिकाने तीनदा सुचवले होते, तरीही दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेल्या कॅप्टनने उतरणे चालूच ठेवले, असे चौकशी अहवालात नमूद आहे. तो सहवैमानिक बोलला होता, हे लक्षात घ्या. कारखान्यात तर बहुतेक वेळा कोणी बोलतही नाही. म्हणून वयाने मोठ्या ऑपरेटरला, तो पदाने कितीही खाली असला तरी, अहो-जाहो करावे, सर्वांसमोर त्याचे मत विचारावे आणि ते पटले नाही तर का पटले नाही हे त्याला सांगावे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तोंड उघडले तर उद्या गेटपास मिळणार नाही, ही त्यांची भीती निराधार नसते.

आता पाळी बदलतानाच्या संवादाकडे वळतो, कारण सर्वाधिक माहिती तिथेच गळते. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 रोजी दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता आणि त्या जागी तात्पुरते झाकण बसवलेले होते. काम अपुरे असल्याची माहिती रात्रपाळीच्या चालकांपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला, वायू गळला, स्फोट झाला आणि 167 माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 1990 मध्ये 106 शिफारशी केल्या. तिथे प्रत्येक दुरुस्तीसाठी लेखी परवाना काढण्याची पद्धत होती, तरीही हे घडले. तेव्हा तुमच्याकडे लॉगबुक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. जाणाऱ्या आणि येणाऱ्या ऑपरेटरने मशीनसमोर उभे राहून बोलावे, अपुरी राहिलेली दुरुस्ती, बदललेली सेटिंग आणि संशयित माल या तीन गोष्टी दाखवून द्याव्यात आणि येणाऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत सांगाव्यात. यासाठी पाळ्यांमध्ये काही मिनिटांचा सामाईक वेळ लागतो. तो व्यवस्थापनाकडून मागून घ्या, कारण बसची वेळ गाठण्यासाठी धावणारा माणूस काहीही सांगत नाही.

तुमच्या सूचनांनाही हाच नियम लावा. ‘समजले ना?’ या प्रश्नाला नेहमी ‘हो’ हेच उत्तर मिळते. म्हणून ‘आता सुरुवात कुठून करणार?’ असे विचारावे. पाळीच्या आरंभी ‘सगळे ठीक?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणते मशीन त्रास देईल असे वाटते?’ असे विचारल्यास सुरुवातीला लोक गप्प राहतील, परंतु एकाच्या उत्तरावर त्याच दिवशी काही हालचाल झालेली दिसली की दुसरा बोलू लागतो.

आणि प्लांट हेडना वाईट बातमी देताना तुम्हीही ती दाबून ठेवू नका. काय घडले, ग्राहकाच्या मालावर काय परिणाम होईल, आतापर्यंत काय केले आणि त्यांच्याकडून कोणता निर्णय हवा आहे, एवढे चार वाक्यांत फोनवर सांगा. कारणमीमांसेचा तक्ता दुसऱ्या दिवशी दिला तरी चालतो. तो देताना ऑपरेटरचे नाव पुढे करू नये.