दिवे ठेक्यावर लागत नाहीत? आधी माइक बघ

माइकने गाणं ऐकून ठेक्यावर लागणारे एलईडी दिवे शिवलेलं तुझं जॅकेट घरी मोबाइलच्या गाण्यावर मस्त लुकलुकतं आणि स्टेजवर सलग पेटून राहतं ना? याचं कारण बहुतेक वेळा एकच: किती आवाजाला दिवा लागावा ती मर्यादा तू ठरावीक आकडा म्हणून कोडमध्ये लिहिली आहेस. स्पीकरजवळ तो आकडा कायमच ओलांडला जातो. त्याऐवजी दर ५० मिलिसेकंदांत माइकचं सर्वात मोठं आणि सर्वात लहान रीडिंग घे, त्यांतला फरक काढ, आणि तो गेल्या एक-दोन सेकंदांच्या सरासरीपेक्षा बराच वर उडाला तरच दिवा लाव. ठेका म्हणजे अचानक आलेली उसळी, नुसता मोठा आवाज नव्हे. आणि माइक कापडाच्या आत दडवू नकोस. माझा पहिला घागरा गाणं सुरू व्हायच्या आधीच, ओढणी घासली की लखलखायचा!

डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडी पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा लागला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ३० दिवे म्हणजे १.८ अँपिअर. ते आर्डुइनो नॅनोच्या (तुझा कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) पिनेवरून नको, थेट पॉवर बँकेतून घे. ग्राउंड (उणे बाजूची तार) मात्र नॅनो आणि पट्टी दोघांचं एकत्र जोड. ब्राइटनेस तिसऱ्या हिश्शावर ठेवलास तरी अंधारात पुष्कळ होतो. दिवे विझलेले असताना करंट फार कमी झाला की काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात, म्हणून सात-आठ दिवे मंद जळतेच ठेव.

तार तुटते ती कोपरापाशी, सोल्डरच्या अगदी लगत. तिथे मऊ सिलिकॉन वायर वापर, थोडी ढील सोड आणि सांध्यावर हॉट ग्लूचा थेंब टाक.