'मी असं बोललोच नाही' हे रोज ऐकून स्वतःच्याच आठवणीवर शंका येते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत सासरी राहता, नवरा रात्री बोललेलं सकाळी नाकारतो आणि सासूबाई 'तुला उलटंच ऐकू येतं' म्हणतात. भांडणातलं वेगळं आठवणं सगळ्यांचंच होतं. पण दर वेळी चूक तुमचीच निघत असेल आणि माफीही तुम्हीच मागत असाल, तर ते गॅसलायटिंग आहे, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणं. तुम्ही वेड्या नाही.

आजपासून नोंद ठेवा: तारीख, वेळ, नेमके शब्द. '१२ तारीख, रात्री ९.३०, "पगाराचं कार्ड माझ्याकडे दे"' एवढंच, अर्थ लावू नका. पासवर्ड घरात माहीत असेल तर फोनमध्ये नको. ऑफिसच्या ड्रॉवरमधली वही बरी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ती वही नवऱ्यापुढे पुरावा म्हणून धरणं. मग वाद 'माझ्यावर पाळत ठेवतेस?' यावर जातो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. समोर फक्त 'मला वेगळं आठवतंय' म्हणा आणि खोलीबाहेर पडा.

भाजी कुठली, लोकल कुठली, असे छोटे निर्णय कुणाला न विचारता घ्या. स्वतःवरचा विश्वास तिथून परत येऊ लागतो. बहिणीशी किंवा मैत्रिणीशी आठवड्यातून एकदा तरी मोकळं बोला, कारण एकटेपणात हे फार मुरतं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत मोफत बोलता येतं. धमकी किंवा मारहाण झाली तर ११२ (तातडीची मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन). २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो. याच कायद्याखाली नेमलेल्या ठाणे जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला मारहाणीची वाट बघावी लागत नाही.